चकाकी उचलली, गोष्ट तिकडंच राहिली

कॉम्प्युटरवर बनलेल्या सुरुवातीच्या पिक्चरांबद्दल कुठंही बोलणं निघालं की लोक मशीनबद्दल बोलायला लागतात, किती कॉम्प्युटर लागले, किती डॉलर लागले, किती वर्षं गेली, आणि शेवटी 'आपल्याकडं कुठून येणार एवढा पैसा' म्हणून विषय मिटतो. अ‍ॅनिमेशनच्या क्लासच्या जाहिराती बघा, नांदेड असो की संभाजीनगर, बोर्डवर सॉफ्टवेअरची नावं असतात, इथं गोष्ट सांगायला शिकवतात असं लिहिलेला बोर्ड मी तरी बघितला नाही. मला हेच खटकतं. त्या पहिल्या पिक्चरांनी सगळ्या जगाच्या करमणुकीला जे दिलं ते आपण अर्धंच घेतलं, आणि जे अर्धं घेतलं ते नेमकं लवकर जुनं होणारं होतं.

'टॉय स्टोरी' नोव्हेंबर 1995 ला आला, पूर्ण लांबीचा आणि सगळाच्या सगळा कॉम्प्युटरवर केलेला पहिला पिक्चर. आकडे खरंच मोठे आहेत. 1,14,240 फ्रेम म्हणजे तेवढी सुटी चित्रं, 117 कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू, एकेक फ्रेम तयार व्हायला पाऊण तासापासून तीस तासांपर्यंत वेळ, सगळं मिळून आठ लाख तासांचं मशीनचं काम, खर्च साधारण 3 कोटी डॉलर. पण हे आकडे सांगणारे लोक एक साधा प्रश्न विचारत नाहीत, की बाबा खेळणीच का? राजपुत्र का नाही, सिंह का नाही? तर तेव्हाच्या कॉम्प्युटरला फक्त प्लास्टिकच नीट जमत होतं. केस जमत नव्हते, कातडी जमत नव्हती, अंगावरच्या कपड्याची चुणी जमत नव्हती, माणूस काढला की तो मेणाचा पुतळा दिसायचा. मग त्यांनी काय केलं, जे मशीनला येतं त्याचीच गोष्ट केली. हिरोच प्लास्टिकचा. पिक्चर परत एकदा नीट बघा, माणसं बऱ्याच ठिकाणी नुसती पायापुरती नाहीतर हातापुरती दिसतात, तोंड दिसलं तरी कॅमेरा तिथं फार वेळ थांबत नाही, आणि आपल्याला ते कधी खटकतच नाही कारण आपण खेळण्याच्या उंचीवरून बघत असतो. जे येत नाही ते झाकायच्या ऐवजी त्याच्यातूनच गोष्ट उभी केली. मला विचाराल तर त्या पिक्चरमधली सगळ्यात मोठी अक्कल ही आहे, रेंडरिंग म्हणजे मशीनकडून चित्र तयार करून घेणं नाही.

आणि हे काही एका दिवसात सुचलेलं नाही. 1986 ला, म्हणजे स्टीव्ह जॉब्सनं लुकासफिल्मचा कॉम्प्युटर विभाग विकत घेऊन पिक्सार, म्हणजे 'टॉय स्टोरी' करणारी कंपनी, सुरू केली त्याच वर्षी, पुढं 'टॉय स्टोरी'चा दिग्दर्शक झालेल्या जॉन लॅसेटरनं दोन मिनिटांची एक फिल्म केली, 'लक्सो ज्युनियर'. टेबलावरचे दोन दिवे, एक मोठा एक छोटा. त्यांना डोळे नाहीत, तोंड नाही, हातपाय नाहीत. छोटा दिवा बॉलवर उड्या मारतो, बॉल फुटतो, त्याची मान खाली जाते आणि तो तसाच हळूहळू निघून जातो, मोठा नुसता बघत राहतो, आणि तेवढ्यात छोटा आणखी मोठा बॉल घेऊन परत येतो. बस एवढंच. आमच्या गल्लीतल्या लेकरांना मी हे मोबाईलवर दाखवलं, एकही शब्द न सांगता. बॉल फुटला त्या क्षणाला पाच-सहा वर्षांची एक पोरगी म्हणाली, "आता माय मारती त्याला." दिव्याला माय आहे हे तिला कुणी सांगितलं? आता गंमत बघा, 1986 ला डलासला कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्यांच्या मोठ्या परिषदेत ही फिल्म दाखवली तेव्हा जिम ब्लिन हा ह्या क्षेत्रातला नावाजलेला माणूस लॅसेटरकडं धावत आला. लॅसेटरला वाटलं हा आता सावल्या कशा पाडल्या ते विचारणार, काहीतरी अवघड गणित काढणार. तर त्यानं विचारलं, तो मोठा दिवा आई आहे का बाप? आमच्या गल्लीतल्या पोरीच्या मनात जे आलं तेच त्या विद्वानाच्याही मनात आलं होतं, आणि तिथं बसलेल्या एवढ्या हुशार लोकांच्या समोर तंत्र मागं पडलं.

म्हणजे तंत्र काहीच नाही असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं त्या लोकांवर अन्याय होईल. एड कॅटमल 1972 ला युटा विद्यापीठात विद्यार्थी असताना स्वतःच्या हाताचा साचा करून तो हात कॉम्प्युटरवर हलवून दाखवत होता, पुढं त्याला आणि पॅट हॅनरहानला 2019 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, कॉम्प्युटरच्या जगात त्याला नोबेलचाच मान आहे. 'जुरासिक पार्क'च्या डायनासोरला जे रेंडरमॅन सॉफ्टवेअर वापरलं ते ह्याच लोकांचं. तो पिक्चर 1994 ला हिंदीत डब होऊन आपल्याकडं आला आणि टॉकीजला गर्दी उसळली, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांनी आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरनं काढलेला जीव बघितला. त्यात खरा कॉम्प्युटरचा डायनासोर जेमतेम पाच-सहा मिनिटं आहे, बाकी मोठाल्या यांत्रिक बाहुल्या. पण कधी दाखवायचा आणि कधी नुसतं ग्लासातलं पाणी थरथरताना दाखवायचं, हे ठरवणारा माणूस होता ना, मशीन नव्हतं.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. नोव्हेंबर 1993 ला पिक्सारनं 'टॉय स्टोरी'चा कच्चा भाग पैसा लावणाऱ्या डिस्नेच्या लोकांना दाखवला आणि तो सपशेल पडला. त्या कच्च्या भागात वुडी, म्हणजे हिरो असलेलं काउबॉय खेळणं, इतका खडूस आणि दुष्ट झाला होता की तो बझला, म्हणजे घरात नवीन आलेल्या अंतराळवीर खेळण्याला, मुद्दाम खिडकीबाहेर फेकतो, म्हणजे ज्याच्यावर जीव लावायचा त्याचाच राग येईल असा हिरो. डिस्नेनं काम थांबवलं. सॉफ्टवेअर चांगलं होतं, चित्रं चांगली होती, कॉम्प्युटर होते, पैसा होता, आणि तरी काम बंद, कारण गोष्ट वाईट. मग ते बसले आणि पुढचे काही महिने नुसतं लिखाण परत केलं. पक्क्या पिक्चरमध्ये वुडीचा हेवा तसाच आहे, पण बझ खिडकीतून पडतो तो चुकून, वुडीला त्याला नुसतं टेबलामागं पाडायचं असतं. एवढासा फरक. पण ह्या एवढ्याशा फरकामुळं आपण वुडीला माफ करतो आणि पुढचा तासभर त्याच्याबरोबर पळतो. कॉम्प्युटरला हा फरक सांगता आला नसता, आणि आज जे एआयवर दोन ओळी टाइप करून दहा सेकंदाचा व्हिडिओ काढतात त्यांच्या मशीनलाही कोणती चूक माफ होती आणि कोणती होत नाही हे त्याचं त्याला कळायचं नाही.

ह्याचा परिणाम किती लांबपर्यंत गेला बघा. तोपर्यंत अमेरिकेत कार्टून पिक्चर म्हणजे दर दहा मिनिटांनी पात्रांनी गाणं म्हणायचं असा जवळजवळ कायदाच होता, 'टॉय स्टोरी'त पात्रं गातच नाहीत, गाणी मागं वाजतात. मूळ पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालेला तो पहिला अ‍ॅनिमेशन पिक्चर. पुढं ऑस्करवाल्यांनी अ‍ॅनिमेशनसाठी वेगळा पुरस्कारच सुरू केला आणि पहिला 'श्रेक'ला गेला, तोही कॉम्प्युटरचाच. लेकरू एका कारणानं हसतंय आणि शेजारी बसलेला बाप दुसऱ्याच कारणानं हसतोय, असं एकाच वाक्यात दोन थर लिहायची पद्धत इथं इतकी पक्की झाली की आज जाहिरातीपासून वेब सिरीजपर्यंत सगळे तीच वापरतात. आणि प्रत्येक पिक्चरनं एक कुलूप उघडलं, 'मॉन्स्टर्स इंक'नं 2001 ला केसाळ अंग, 'फाइंडिंग नेमो'नं 2003 ला पाणी, 'इन्क्रेडिबल्स'नं 2004 ला माणूस आणि त्याचे कपडे. ज्या काळात 'बाहुबली'सारखे पिक्चर आपल्याकडं होऊ शकले तो काळ ह्या कुलपांच्या पलीकडचा आहे.

पण ह्याच काळात एक मोठं नुकसान झालं आणि ते कुणी फार बोलत नाही. मोठ्या स्टुडिओच्या मालकांनी हिशोब मांडला की कॉम्प्युटरचे पिक्चर चालतात आणि हातानं काढलेले पडतात, म्हणजे लोकांना कॉम्प्युटर हवाय. डिस्नेनं हातानं चित्रं काढणाऱ्यांना घरी पाठवलं, 2004 ला फ्लोरिडातला स्टुडिओच बंद केला. वीस-वीस, तीस-तीस वर्षं पेन्सिल धरलेली माणसं. त्याच दिवसांत जपानचा 'स्पिरिटेड अवे' 2003 ला ऑस्कर घेऊन गेला, तो मूळ हातानंच काढलेला. आणि दुसऱ्या बाजूला 2001 चा 'फायनल फँटसी', हुबेहूब माणसं काढायचा तेव्हाचा सगळ्यात मोठा प्रयत्न, एकेक केस वेगळा, कातडीवरचे डाग वेगळे, आणि तो इतका आपटला की बनवणारा स्टुडिओच बंद पडला. डोळे इतके हुबेहूब आणि त्यांच्या मागं कुणीच नाही, बघताना अंगावर काटा येतो. दोन्ही बाजूंनी पुरावा समोर होता तरी मालक लोकांनी मशीनलाच मार्क दिले.

आपणही तेच केलं. 2000 साली चेन्नईच्या पेंटामीडियानं 'पांडवाज' केला, भारतातला पहिला थ्रीडी अ‍ॅनिमेशन पिक्चर, म्हणजे 'टॉय स्टोरी'नंतर पाचच वर्षांत, आपण काही मागं नव्हतो बरं का. 2014 ला रजनीकांतसारख्या माणसाला घेऊन 'कोचडैयान' केला, तोही कॉम्प्युटरवरच. रजनीच्या एका मान वळवण्यावर थेटर डोक्यावर घेणारा प्रेक्षक, आणि पडद्यावर त्याचाच चेहरा लाकडासारखा. माणूस हुबेहूब काढता येत नव्हता तर माणसाची गोष्ट काहून घेतली? हा प्रश्न पिक्सारवाल्यांनी वीस-पंचवीस वर्षं आधी स्वतःला विचारला होता. त्यांनी खेळणी घेतली, मग किडे घेतले, मग मासे घेतले, माणसाकडं ते सगळ्यात शेवटी गेले. आपण पहिल्या दिवशीच योद्धे आणि देव घेतले.

मधल्या काळात आपल्याकडं कामं भरपूर आली, पण ती बाहेरची. गोष्ट तिकडची, पात्रं तिकडची, आपण शूटिंगमधल्या वायर चित्रातून पुसायच्या, मागचं आभाळ बदलायचं, केसांची रांग लावायची. हैदराबाद, बंगळूर, मुंबई, पुण्यात हजारो पोरं ह्याच्यात लागली, आमच्या नांदेड-लातूरची पण गेली, हैदराबाद तर आम्हाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. चांगली हुशार पोरं, रात्र रात्र जागणारी. 2013 ला 'लाइफ ऑफ पाय'मधला तो वाघ करणारी ऱ्हिदम अँड ह्यूज ही कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत त्याच वाघाला ऑस्कर मिळाला. तिचे हैदराबादला, मुंबईला स्टुडिओ होते. 2025 च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ह्या अशाच मोठ्या कंपनीचा कारभार कोसळला आणि भारतातल्या हजारो लोकांची नोकरी एका झटक्यात गेली. त्यांच्या कामात काही खोट नव्हती. पण ज्याच्याकडं गोष्टीची मालकी नाही त्याच्या हातात शेवटी काहीच राहत नाही, आणि आता जे काम ही पोरं करायची त्यातलं बरंचसं एआय करायला लागलंय. तरी आमच्याकडं क्लासवाले पोरांना अजून त्याच कामासाठी तयार करतायत, आणि फीच्या पावत्या फाटतायत त्या सोयाबीनच्या पैशातून. ह्याचा मला मनापासून राग येतो.

कुणी म्हणेल, मग पोटापाण्याचं काय, गोष्टी सांगून पोट भरतं का. रास्त प्रश्न आहे. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे त्याला मी कलेचं प्रवचन देणार नाही. पण हिशोब उलटा आहे असं माझं म्हणणं आहे. बटनं कुठं आहेत हे शिकलेलं दोन-तीन वर्षांत जुनं होतं, नवीन सॉफ्टवेअर येतं, परत फी. चित्र काढता येणं, माणूस दमला की कसा बसतो, म्हातारी ओझं उचलताना आधी कुठला पाय टाकते हे बघता येणं, आणि पाच मिनिटांची गोष्ट कुठं सुरू करायची कुठं थांबवायची हे कळणं, हे तीस-चाळीस वर्षं चालतं. लॅसेटर स्वतः आधी कागदावर शिकलेला होता, म्हणून दिव्याला मान खाली घालायला लावता आली.

2025 ला 'महावतार नरसिंह' आला आणि तीनशे कोटींच्या पुढं गेला. त्याचं अ‍ॅनिमेशन पिक्सारच्या तोडीचं आहे असं कुणीच म्हणणार नाही, काही ठिकाणी हालचाली अडखळतात. तरी लोक चपला बाहेर काढून बसले, कारण प्रल्हाद आपल्याला कीर्तनात भेटलेला आहे, आमच्या पोखर्णीच्या नृसिंहाला दर्शनाला जाणाऱ्या माणसाला ती गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही. पण ह्यातून लोक पुन्हा चुकीचा धडा घेतील अशी मला भीती आहे, की देव घेतला की चालतं. पुढची पाच वर्षं मग नुसते अवतारच अवतार.

आमच्याकडं गोष्टींचा काय तोटा आहे? गुणाढ्याची बृहत्कथा, जिच्यातून पुढं कथासरित्सागर आला, ती पैठणच्या सातवाहनांच्या दरबाराशी जोडली जाते. त्याच पैठणचे एकनाथ महाराज, त्यांच्या भारुडात विंचू येतो, कुत्रं येतं, जोशी येतो, वेडी येते, प्रत्येकाचा आवाज वेगळा, चाल वेगळी, आणि अडाणी माणूस एका कारणानं हसतो तर जाणता दुसऱ्याच कारणानं गप्प होतो. वर जे दोन थरांचं सांगितलं ते आपल्याकडं सोळाव्या शतकात गावच्या पारावर चालू होतं. आणि अजिंठा. 17 नंबरच्या लेणीत महाकपी जातक आहे, माकडांचा राजा नदीवर स्वतःच्या अंगाचा पूल करतो आणि बाकीची माकडं त्याच्या पाठीवरून पळून जीव वाचवतात. एकाच भिंतीवर तोच राजा दोन-दोन वेळा दिसतो, इथं हे झालं, मग तिथं ते झालं, मधे चौकट नाही, डोळा आपोआप सरकत जातो. दीड हजार वर्षांपूर्वी स्थिर भिंतीवर हालचाल दाखवणारी माणसं ह्याच मातीत होती. आम्ही सहलीला लेकरं नेतो, रांगेत उभी करतो, फोटो काढतो आणि फर्दापूरला भजी खाऊन परत येतो, त्या माकडाची गोष्ट कुणी धड सांगत पण नाही.

आता पैशाचं. 2025 चा अ‍ॅनिमेशनचा ऑस्कर 'फ्लो' ह्या पिक्चरला मिळाला, लॅटव्हिया नावाच्या देशाचा. त्या देशाची लोकसंख्या वीस लाखाच्या आत आहे, म्हणजे जवळपास आमच्या परभणी जिल्ह्याएवढी. पिक्चरमध्ये एक मांजर आहे, पूर आलेला आहे, एक नाव आहे, आणि एकही शब्द नाही. खर्च साधारण 35 लाख युरो, म्हणजे हॉलिवूडच्या मानानं किरकोळ. सगळा पिक्चर ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरवर केलेला आणि ब्लेंडर फुकट आहे, आज रात्री कुणीही डाउनलोड करू शकतो. त्या वर्षीच्या नामांकनात पिक्सारचा 'इनसाइड आउट 2' पण होता. तो हरला, मांजर जिंकलं. जगात जर्मनी भारतात परभणी असं आम्ही अभिमानानं म्हणतो, मग परभणीएवढ्या देशानं जे करून दाखवलं ते परभणीनं करायला काय हरकत आहे?

सप्टेंबर 2025 ला राज्य मंत्रिमंडळानं अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स म्हणजे कॉम्प्युटरनं घातलेली दृश्यं, गेमिंग, कॉमिक्स ह्या सगळ्यासाठी धोरण मंजूर केलं, 3,268 कोटींचा आराखडा आहे. धोरण आलं ते चांगलंच झालं. पण अशा धोरणात जागा, इमारती, पार्क, कंपन्यांना सवलती ह्यांचंच आधी बोललं जातं आणि पैसा मुंबई-पुण्यात जिरतो, हा आमचा सिंचनापासूनचा अनुभव आहे. मराठवाड्याला ह्यातून आणखी एक 'सेंटर' नको, ज्याच्या उद्घाटनाला मंत्री येतील आणि नंतर कुलूप लागेल. आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकलेचा पूर्णवेळ शिक्षक द्या. आमच्या भागात किती शाळांत तो नाहीच, आणि जिथं आहे तिथं एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या परीक्षा पोरं देतात ती दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून, त्या पोरांपैकी ज्याचा हात खरंच चांगला आहे त्याला दहावीनंतर कुठं जायचं हे सांगणारं कुणी नसतं. आमच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र आहे, ललित कला आहे, तिथली पोरं आणि कॉम्प्युटरची पोरं एका खोलीत बसवायला कुठल्या पार्कची गरज नाही. आणि भाषा. आमच्या घरातली लेकरं दिवसभर हिंदीत कार्टून बघतात आणि मायला हिंदीत पाणी मागतात, लोक कौतुकानं सांगतात, मला कौतुक वाटत नाही. आमच्या बोलीत बोलणारं एक शेळीचं करडू, एक एसटी, गोदावरीतला एक मासा त्यांना अजून कुणी दिलेला नाही.

मागायचंच असेल तर आमदारांकडं हे मागा. मराठवाड्याचे आठ जिल्हे, प्रत्येक जिल्ह्यात आठ-दहा पोरांची एक टोळी, त्यात निदान दोन गोष्ट लिहिणारे आणि दोन चित्र काढणारे पाहिजेतच, बाकीचे कॉम्प्युटरवाले. वर्षभर पगार द्या. अट एकच, पहिले चार महिने कॉम्प्युटर चालू करायचा नाही, कागदावर गोष्ट करायची आणि ती जि.प. शाळेतल्या दुसरी-तिसरीच्या लेकरांना वाचून दाखवायची, लेकरं चुळबुळ करायला लागली की परत लिहायची. वर्षाच्या शेवटी प्रत्येक टोळीनं पाच मिनिटांची एक फिल्म द्यायची. फिल्मची मालकी टोळीच्या नावानं राहील, आणि हे कागदावर आधीच लिहून घ्या.